साडूंचं फिफ्थ व्हील

नेदरलँड्समध्ये एकही रात्र कॅरव्हॅनमध्ये न काढता कॅरव्हॅनविषयी सगळं जाणणारा माणूस कुणाला हवा असेल, तर मी त्याला डोळे मिटून माझ्या साडूंकडे पाठवीन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. मूळचे पुण्याचे, राहणार बाडहूव्हडॉर्प, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आणि स्वभावानेही तेच. ताईंना बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता, उत्तर तेच येतं का ते पाहायला. तिसऱ्यांदा ताई म्हणाल्या, "हे मघाशी सांगितलंय," आणि लग्न ठरलं. माझ्या माहितीत साडूंनी एका बैठकीत घेतलेला हा एकमेव निर्णय. बाकी टोस्टर घ्यायलाही त्यांना दीड वर्ष लागलं, आणि अजून ते त्यात पाव घालताना जरा साशंकच असतात.

त्यांची एकुलती एक लेक रेवा नऊ वर्षांची असताना साडूंनी इंटरनेटवर कुठल्याशा अमेरिकन कुटुंबाचा व्हिडिओ पाहिला आणि फिफ्थ व्हीलचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. फिफ्थ व्हील म्हणजे गाडीच्या मागच्या हुकाला अडकवायची साधी कॅरव्हॅन नव्हे. या ट्रेलरची मान पुढे वाढलेली असते आणि ती पिकअप ट्रकच्या पाठीवर टेकते, त्या मानेतच झोपायची खोली असते, खाली सोफा, ओव्हन, शॉवर वगैरे थाट. त्याच रविवारी जेवताना साडूंनी जाहीर केलं की आपण तिघांनी असं घर घेऊन युरोपभर हिंडायचं. ताईंनी एकच अट घातली. "काय हवं ते घ्या, पण रेवा घरात आहे तोवर तिघं मिळून एकदा जाऊ या. ती बाहेर पडली की मग कशाला येतेय आपल्याबरोबर?" साडूंनी शब्द दिला. फक्त घाई करून चालणार नाही, एवढं पुढे जोडलं.

घाई त्यांनी केली नाही, हे त्यांचा शत्रूही मान्य करील. अडचण अशी होती की ते ट्रेलर पसंत करत तेव्हा तो ओढणारी पिकअप बजेटमध्ये बसत नसे, आणि बजेटमध्ये बसणारी पिकअप सापडली की ती तो ट्रेलर ओढत नसे. मग एक्सेलमध्ये नवी शीट उघडायची. गाडीच्या कागदावर किती वजन ओढायची परवानगी आहे, रिकामा ट्रेलर किती, भरलेला किती, मानेचा भार किती, सगळे रकाने रंगवलेले. मधल्या काळात त्यांनी ट्रेलर ओढायचं वेगळं लायसन्सही काढलं. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले आणि आम्हाला पेढे वाटले. ट्रेलर नसताना ट्रेलरचं लायसन्स असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ट्रेलर बघायला जाताना ते मला डीमनच्या माझ्या घरून उचलत. सोबत टॉर्च, मोजपट्टी, जमीन सपाट आहे का ते पाहायला एक गोटी, आणि ठरलंच तर फोडायला नारळ. तो नारळ दर वेळी घरी परत येई आणि ताई त्याची चटणी करत. एकदा एका खेड्यातल्या म्हाताऱ्या डच शेतकऱ्याकडे खरोखरीचं फिफ्थ व्हील निघालं. साडूंनी दोन तास तपासणी केली. गोटी सोडली, शॉवरमध्ये कपड्यांसकट उभे राहिले, वरच्या पलंगावर डाव्या-उजव्या दोन्ही कुशीवर झोपून पाहिलं. म्हातारा शांतपणे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "ओढायला गाडी कोणती आहे तुमच्याकडे?" साडूंनी अंगणात उभी असलेली आपली छोटी हॅचबॅक दाखवली. म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, मग ट्रेलरकडे, मग आत जाऊन आम्हा दोघांसाठी कॉफी करून आणली. इथे कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं, त्याने दोन-दोन दिली. डच माणसाला याहून जास्त दया येत नाही.

सामानाचं वजन हे आणखी एक प्रकरण. बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आला आणि तिथेच राहिला. कुकर, पोळपाट, लोखंडी तवा, तूरडाळीचा डबा, सगळ्यांची नोंद. देव्हाऱ्यातला पितळी गणपतीसुद्धा त्यांनी काट्यावर ठेवून पाहिला आणि प्रवासाला फोटो नेऊ असं ठरवलं. मिक्सर मात्र यादीतून उडवल्याचं कळताच ताई म्हणाल्या, "तुम्ही चार किलो कमी करा. मिक्सर आरामात बसतो." साडूंनी ही सूचना गंभीरपणे घेतली आणि एक्सेलमध्ये आपल्या नावापुढे तारांकित टीप घातली.

इकडे रेवा नऊची तेराची झाली, तेराची सोळाची. सुरुवातीला ती बापाबरोबर गोटी सोडायला येई. मग नुसतीच मोबाइल बघत गाडीत बसू लागली, मग येईनाशी झाली. एकदा मी तिथेच असताना साडू तिला दोन ट्रेलरमधला फरक समजावत होते. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, अदर पीपल जस्ट गो." साडू हसले. "अगं, चुकीचं घेतलं तर?" ताईंनी मागे वळून पाहिलं. कॅलेंडर त्यांच्या पाठीमागेच टांगलेलं होतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. रेवाला वाखनिंगनच्या युनिव्हर्सिटीत फूड सायन्सला प्रवेश मिळाला. त्या उन्हाळ्यात तरी तिघं निघतील असं वाटत होतं, पण सगळा उन्हाळा खोली शोधण्यात गेला. वाखनिंगनमध्ये खोली मिळणं किती मुश्किल आहे ते तिथे शिकलेल्यांना विचारा. कॉलेज आठवड्यावर आलं तरी डोक्यावर छप्पर नाही. त्या गुरुवारी साडूंनी मला फोन केला. "घेतली," म्हणाले. जाहिरात दुपारी पाहिली, संध्याकाळी व्यवहार केला. टॉर्च नाही, गोटी नाही, नारळ नाही. फिफ्थ व्हील तर नव्हतंच, त्यांच्या हॅचबॅकला झेपेल अशी दोन माणसांची जुनी पांढरी कॅरव्हॅन होती. वाखनिंगनजवळच्या एका कॅम्पिंगवाल्याने खोली मिळेपर्यंत ती लावायला जागा दिली होती.

शनिवारी आम्ही निघालो. पुढे साडू आणि ताई, मागे मिक्सर मांडीवर घेतलेली रेवा आणि मी, कारण रिव्हर्सच्या वेळी मागे उभं राहायला कुणीतरी हवं होतं. कॅरव्हॅन मागे असल्यामुळे साडू उजव्या, म्हणजे इथल्या हळू लेनमध्ये ट्रकांच्या रांगेत ऐंशीने चालले होते. मधेच एका पार्किंगला थांबून ताईंनी दशम्या आणि चटणी काढली. रेवाने बापाच्या हातावर दशमी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, धिस इज नाइस." साडूंनी मान डोलावली आणि टायर बघायला गेले. बराच वेळ बघत होते.

कॅम्पिंगवर कॅरव्हॅन लावून झाली. आतल्या छोट्या टेबलाशी तिघं कशीबशी मावली आणि मी दारात उभा राहून चहा घेतला. पलंग दोनच होते. ताई पहिले दोन दिवस लेकीजवळ राहणार होत्या. साडूंनी गॅस तपासला, कुलूप तपासलं, पुन्हा गॅस तपासला. शेवटी रेवानेच त्यांना मिठी मारून गाडीपर्यंत आणून सोडलं.

परतताना ते म्हणाले, "तिघं मिळून झालं की हो एकदा. ऐंशी किलोमीटर का होईना." मला त्यांचा कळवळा आला. नऊ वर्षं थट्टा केली होती मी या माणसाची. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा होता, मागे ओढायला काहीच नव्हतं. साडू उजव्या लेनमध्ये एका ट्रकच्या मागे ऐंशीनेच चालले होते. मी त्यांना वेग वाढवा म्हणालो नाही.