दोर धरणाऱ्या म्हातारीचे गरम पाणी

चाकणच्या कारखान्यांतून नव्या मोटारी भरलेला कंटेनर देशाच्या दूरच्या टोकापर्यंत पोहोचवणे, हा गेनबांचा व्यवसाय होता. गावातील निम्मी माणसे कंपनीत शिफ्टला जात. गेनबांना मात्र छपराखालचे काम कधी मानवले नाही. मागील हिवाळ्यात ईशान्येच्या सीमेवरील डोंगरात बंदूकधारी माणसांनी त्यांना गाडीतून उतरवले आणि महिन्याहून अधिक काळ एका वस्तीत डांबून ठेवले. फौज जवळ येऊ लागली, तेव्हा त्यांना रस्त्यावर सोडून ती माणसे पसार झाली.

गेनबा परतले आणि गावाने त्यांना डोक्यावर घेतले. पुतण्या गोरक्ष हा तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्याने सत्कार ठरवला आणि काकांना न विचारताच चौकात फ्लेक्स लावला : 'उलटे टांगले तरी न डगमगलेले आमचे काका'.

"आरं, मला कुणी उलटं टांगलं?" गेनबांनी विचारले.

"न्हाई टांगलं?"

"न्हाई बा. पायाला दोर बांधला व्हता."

"काका, दोर तर आपण बैलाला बी बांधतो," गोरक्ष हळूच म्हणाला. "आता एवढं निभावून न्या. फ्लेक्स छापून झालाय."

गेनबा हसले, परंतु मनातून अस्वस्थ झाले. त्या दोराने त्यांचा घोटा सोलवटला होता. जखम चिघळून पाय काळा पडू लागला, तेव्हा ज्या घरात त्यांना ठेवले होते तिथली म्हातारी त्यांना रोज सकाळी ओढ्याकाठी नेऊ लागली. तेथे खडकातून वाफाळते पाणी येत असे. त्याला ओल्या आगकाडीसारखा वास होता. ती बांबूच्या नळकांड्याने ते पाणी पायावर ओतत राही. हळूहळू जखम सुकली, पाय वाचला. मात्र दोर तिने एकदाही सोडला नाही. तो तिच्या डाव्या मनगटाला गुंडाळलेला असे.

आता फ्लेक्सप्रमाणे बोलावे, तर ती म्हातारीही राक्षसांत जमा होणार. खरे बोलावे, तर गाव म्हणणार की गेनबा त्यांना फितला. शिवाय पत्नी कुशाबाईने रोज भैरवनाथापुढे उभे राहून त्या अख्ख्या वस्तीला तळतळाट दिला होता. तिलाही त्यांनी पाण्याविषयी काही सांगितले नव्हते.

सत्काराला फेटा बांधून झाला, शाल अंगावर आली. गेनबांनी माइक धरला.

"मला टांगलं न्हाई. बांधलं व्हतं. ज्या म्हातारीनं दोर धरला, तिनंच झऱ्याचं गरम पाणी ओतून माझा पाय वाचवला. दोन्ही खरं हाय."

मागून कोणीतरी ओरडले, "मंग सासुरवाडीलाच गेला व्हता म्हणा की, राव!"

हशा उसळला. गोरक्षाने घाईने माइक काढून घेतला आणि अल्पोपाहाराची घोषणा केली. बायकांमध्ये बसलेली कुशाबाई तेवढी हसली नाही.

घरी तिने ताट वाढले. गेनबांनी दोन घास खाल्ले, तेव्हा ती बोलली.

"ती म्हातारी सवाशीण व्हती का?"

"कसं सांगू? तिकडं कुंकू लावत न्हाईत."

"बांगड्या?"

"न्हाई बघितल्या. मी पाण्याकडं बघत व्हतो."

"बापयांचं हे असंच."

नवऱ्याला वाचवणाऱ्या बाईची ओटी भरायची, हे कुशाबाईच्या मनाने केव्हाच ठरवले होते. परंतु सवाशीण की विधवा हे कळल्यावाचून ओटीत हळदकुंकू कसे घालावे? तिने ट्रंकेतून हिरवे इरकल काढले, परत ठेवले, पुन्हा काढले.

"अगं, पोचवणार कोण तिथवर?"

"नाथापुढं ठिवते तिच्या नावानं. कुंकवाचं काय करायचं ते तिथं उभी ऱ्हायले की बघीन. आन तिला दिलेला तळतळाट माघारी घेते." कुशाबाईने इरकलाची घडी मांडीवर ठेवून हाताने सारखी केली. "बंदूकवाल्यांचा न्हाई घेणार. आन दोर सोडला न्हाई तिनं, त्याचा राग बी ठिवणार हाय मी. जेवा आता."

गेनबांनी मान खाली घातली आणि भाकरी मोडली.