रॉकीच्या ब्रीडचा रकाना

“बाई, डॉक्टर ईचारून राहिले, पाय ठिवायचा का काढायचा. काय सांगू?”

फोन मारोतरावांचा होता. ते नांदेडला जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात उभे होते आणि मी सेनगावजवळच्या एका गोठ्यात. मी विमा एजंट आहे. बावीस वर्षं हिंगोली जिल्ह्यात गाई-म्हशींचे विमे उतरवते. त्या वेळी एका म्हशीच्या कानात टॅग मारायचं चाललं होतं. टॅग म्हणजे नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला. विमा याच जनावराचा, ही त्याची खूण. बिल्ला नाही तर क्लेम नाही.

पाय होता रॉकीचा, म्हणजे मारोतरावांच्या कुत्र्याचा. आखाडा बाळापूरला हमरस्त्यालगत मारोतरावांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात, नवी तार भरून परत जातात. अंगणात तांब्याच्या तारेचा ढीग असतो आणि त्यावर राखण रॉकीची. त्या दिवशी सकाळी रिव्हर्स घेणाऱ्या एका जीपचं चाक त्याच्या मागच्या पायावरून गेलं.

“काढला तर सोपं हाय म्हंतेत. ठिवायचा तर आत प्लेट टाकावी लागती, खर्च लई हाय. पॉलिसीत बसतं का न्हाई, तेवढं सांगा. तुमी व्हय म्हणलं तर ठिवतो.”

आमच्या धंद्यात एक वाक्य पाठ असावं लागतं. ‘कागद बघून कंपनी ठरवेल.’ बावीस वर्षांत मी ते शेकडो वेळा म्हटलं असेन. एजंटाने कधी कुणाला पैसे मिळतीलच असं सांगू नये. पण मला त्या क्षणी रॉकी दिसला. मी दुकानात गेले की माझ्या स्कूटीचं पुढचं चाक हुंगून मगच मला आत सोडणारा.

“ठेवा पाय,” मी म्हटलं. “बसतं. एक्सरे मागून घ्या, एकही बिल हरवू नका, आणि आत्ताच्या आत्ता मला फोटो पाठवा. कळवायला उशीर झाला की कंपनी हात वर करते.”

फोन ठेवला आणि मग मला कळलं, मी काय बोलून बसले ते.

ही पॉलिसी काढली त्याला तेव्हा सहा-सात महिने झाले होते. मारोतरावांच्या दोन म्हशींचा विमा माझ्याकडेच होता. एकदा सहज म्हणाले, “म्हशीचा व्हतो, मंग कुत्र्याचा काहून न्हाई?” मी म्हटलं, होतो. खरं सांगायचं तर मी तोवर एकाही कुत्र्याचा विमा काढला नव्हता. पण नाही म्हणायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळेच मी अनेकदा अडचणीत येते.

घरी येऊन तीन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली. पहिलीला वंशावळीचे कागद असलेलेच कुत्रे हवे होते, आईबापांच्या नावांसकट. बाळापुरात असे कागद माणसांकडेही नसतात. दुसरी कंपनी मिश्र कुत्रे घेत होती, पण कुत्रा मेला तरच पैसे. मारोतरावांना कुत्रा जिवंत हवा होता, त्यामुळे तीही गेली. तिसरी मिश्र कुत्रे घेत होती, आणि त्यात अपघात, ऑपरेशन, दवाखान्यात ठेवणं हे सगळं होतं. आजारपणासाठी सुरुवातीचे ठरावीक दिवस थांबावं लागतं, त्याला वेटिंग पीरियड म्हणतात. शिवाय थर्ड पार्टी होतं. म्हणजे आपला कुत्रा दुसऱ्या कुणाला चावला तर त्याची भरपाई. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक येणार, ते हवंच होतं. अट मोठी एकच होती. लसी वेळच्या वेळी दिलेल्या पाहिजेत आणि तसं कार्ड पाहिजे.

मारोतरावांच्या दुकानात फॉर्म भरायला बसलो आणि ब्रीडच्या, म्हणजे जातीच्या रकान्यापाशी अडलो.

“जर्मन शेफर्ड लिहा,” मारोतराव म्हणाले. “सिद्धेश्वर धरणावरल्या इंजिनीअर साहेबाच्या अल्सेशनचं पिल्लू हाय हे. साहेबानं भेट दिलं मला.”

मी रॉकीकडे बघितलं. तपकिरी रंग, बारीक कंबर, शेपूट गोल वर वळलेली.

“कागद आहेत का त्याचे?”

“भेट दिलेल्या कुत्र्याचे कागद आस्तेत काय?”

“मग मिश्र लिहिते.”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते विषय सोडून मोटारीची तार उलगडायला लागले. त्या दिवशी मला चहासुद्धा मिळाला नाही. मी ‘मिश्र’ लिहिलं, आणि खाली ओळखखुणांच्या जागेत म्हशींच्या सवयीने सगळं भरून टाकलं. छातीवर पांढरा पट्टा. डाव्या कानाची कड फाटलेली. शेपूट उजवीकडे वळलेली, टोक पांढरं. म्हशीच्या फॉर्मात आम्ही शिंगांचा बाकसुद्धा लिहितो.

लसीकरणाचं कार्ड त्यांनी नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मी तारखा बघितल्या, रेबीजच्या लसीचं स्टिकर बघितलं आणि कार्ड पुढे कंपनीकडे ढकललं. कार्डाचं पहिलं पान मी वाचलं नाही. ही माझी चूक. ती इथे आधीच कबूल करते, कारण पुढे मी दुसऱ्यावर बरीच चिडणार आहे.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने क्लेमचे कागद गेले आणि त्यानंतर कंपनीची क्वेरी आली. क्वेरी म्हणजे शंका. तिचं उत्तर पटलं नाही तर क्लेम बंद. मेलमध्ये दोनच ओळी होत्या. पॉलिसीवरील कुत्रा मिश्र जातीचा आहे. लसीकरण कार्डावरील कुत्रा जर्मन शेफर्ड आहे.

मी पुण्याला फोन लावला. क्लेम बघणारे साहेब शांत आवाजाचे होते. शांत आवाजाच्या माणसांची मला भीती वाटते.

“मॅडम, माझ्यापुढे दोन कुत्रे आहेत. एकाला लस दिली आहे, दुसऱ्याचा पाय मोडला आहे.”

“कुत्रा एकच आहे हो साहेब. मी स्वतः बघितलाय.”

“मग कार्ड खोटं आहे की पॉलिसी?”

मी विचारलं, काय दिलं तर चालेल? त्यांनी सांगितलं. चूक कुठे आणि कशी झाली हे मालकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. ते बघून लसीच्या डॉक्टरांनी कार्ड दुरुस्त करून द्यायचं. एका पानाचं काम. मी निर्धास्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरला गेले.

घर दुकानाला लागूनच आहे. ओसरीत बाजेवर आबा बसले होते, मारोतरावांचे वडील. ऐंशीच्या पुढचे. बाजेखाली रॉकी, पायाला बँडेज आणि गळ्यात जखम चाटू नये म्हणून घातलेली प्लास्टिकची मोठी कॉलर. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. स्कूटीचं चाक हुंगायचं राहून गेलं होतं ना.

मी काय लिहायचं ते सांगायला लागले तशी मारोतरावांनी मला हाताला धरावं तसं आत वर्कशॉपमध्ये नेलं.

“बाई, हळू बोला. आबा हायेत. त्यापरीस तुमी पॉलिसीतच जर्मन शेफर्ड करून टाका ना.”

“मारोतराव, खोटं निस्तरायला आणखी खोटं लिहू? माझं लायसन जाईल. आणि तो खरंच शेफर्ड असेल तर इंजिनीअरनं पिल्लू दिल्याचं एक पत्र तरी आणा.”

ते खाली बघत पक्कड उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, “कोणता इंजिनीअर न् कोणतं काय. बाजाराच्या मागं पोत्याखाली सापडलं व्हतं मला. मुठीएवढं. आबायला रस्त्यावरलं कुत्रं घरात चालत न्हाई. म्हणून त्यायला सांगितलं, साहेबाची मोटार भरून दिली, साहेबानं भारीचं पिल्लू दिलं. आबा गप बसले. मंग तेच सगळ्यायला सांगत गेलो. लसीच्या डॉक्टरलाबी. सहा वर्सं झाली बाई. आता ह्या वयात त्यायला कसं सांगू, तुमाला फसवलं म्हणून?”

मला राग आला. माझ्या एका शब्दावर या माणसाने प्लेट टाकून घेतली होती आणि आता त्याचं स्वतःचं एक वाक्य आडवं आलं होतं.

“मग पाय कशाला ठेवला? काढायचा होता,” मी बोलून गेले.

बोलले आणि जीभ चावली. मारोतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तरी काय करू, मला त्यांच्यापेक्षा माझीच धास्ती जास्त होती. पैसे आले नाहीत तर बाळापुरात पुन्हा कुणी माझ्याकडून म्हशीचासुद्धा विमा घेतला नसता, आणि तेही बरोबरच झालं असतं.

बाहेरून हाक आली. “मारोती. बाईला हिकडं आण. कागद न् पेनबी आण.”

आम्ही ओसरीत आलो. आबा बाजेवर तसेच बसून होते.

“मला ऐकू येतंय अजून,” ते म्हणाले. “बस. लिही, माझं कुत्रं गावरान हाय म्हणून.”

मारोतराव दारातच थिजले.

“सिद्धेश्वरला मासे धरणारा एक दोस्त हाय माझा. तू पिल्लू आणलं त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात ईचारलं मी त्याला. तिथं इंजिनीअरकडं मांजरबी नव्हतं. आन् अल्सेशनची शेपूट खाली लोंबती. ह्या राक्याची पयल्या दिवसापासून जिलेबीवानी वर हाय. मला काय दिसत न्हाई?”

“मंग आबा, तवाच काहून बोलले न्हाई?”

“तू माझ्याशी कधी खोटं बोलला न्हाईस. त्या दिशी बोललास, त्या पिल्लापायी. म्हणलं, एवढं पाहिजे आसंल तर ऱ्हाऊ द्या.”

असं म्हणून त्यांनी बाजेखाली हात घातला आणि रॉकीचं डोकं खाजवलं. मला एकदम हलकं वाटलं, आणि क्लेम तर अजून पुण्याच्या साहेबांच्या टेबलावरच होता.

मारोतरावांनी लिहिलं. माझा कुत्रा रॉकी हा जर्मन शेफर्ड नसून मिश्र जातीचा आहे, ब्रीड मी डॉक्टरांना चुकीचे सांगितले होते. पहिले साक्षीदार आबा. सही करायला त्यांना बराच वेळ लागला, पण अंगठा देणार नाही म्हणाले. दुसरे साक्षीदार शेजारचे टायरवाले रफीकभाई. त्यांनी कागद वाचला, रॉकीकडे बघितलं.

“क्या मारोतभाऊ. मैं तो सब गिऱ्हाईक को बोलता, संभालो, जर्मन कुत्ता है।”

“चावतं तर जर्मनवानीच ना,” आबा म्हणाले. रफीकभाईंनी हसत सही केली.

लसीच्या डॉक्टरांनी कार्ड दुरुस्त करून दिलं. जुन्या कार्डावर रॉकीचा एक लहान फोटो चिकटवलेला होता. मी तो मोठा करून सोबत पाठवला. दोन दिवसांनी पुण्याहून त्याच शांत आवाजाचा फोन आला.

“मॅडम, फोटोत कानाची कड फाटलेली दिसते आहे. पॉलिसीच्या फॉर्मातही ते लिहिलंय. हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“कुत्र्याच्या फॉर्मात एवढं कुणी लिहीत नाही.”

“मी म्हशींची एजंट आहे साहेब.”

पहिल्यांदाच ते हसले. “ठीक आहे. एकच कुत्रा आहे. क्लेम पास करतो.”

मी रस्त्याच्या कडेला स्कूटी थांबवून हे बोलत होते. तिथूनच मारोतरावांना फोन लावला. ते “व्हय का” म्हणाले. मागून आबांचा आवाज ऐकू आला, “बाईला म्हणावं, च्या प्यायला या.”

नियमाप्रमाणे काही वजावट झाली, बाकी सगळं मिळालं. रॉकी चारही पायांवर चालतो, मागचा एक जरा आखडून. माझ्या स्कूटीचं चाक पुन्हा हुंगतो. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं आणि कुत्रं कोणतं म्हणून विचारलं तर मारोतराव आता आबांकडे बघून “गावरान” म्हणतात.

त्यानंतर बाळापूर-कळमनुरी पट्ट्यात मी आणखी चार कुत्र्यांचे विमे काढले. चारही मिश्र. कार्डाचं पहिलं पान आता मी आधी वाचते. ‘बसतं’ हा शब्द फोनवर उच्चारत नाही. आणि ब्रीडचा रकाना आला की पेन थांबवून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारते.