रोम बघून आलेले सोडे
उन्हात वाळणाऱ्या सोललेल्या कोलंबीचा, म्हणजे सोड्यांचा, वास आला की मला धाकट्या जावेची युरोपची सहल आठवते. परत आल्यावर ती नागावला आमच्या ओटीवर बसून मोबाइलवर रोमची कारंजी, व्हेनिसचे कालवे दाखवत होती. मी होमस्टेच्या पाहुण्यांसाठी बोंबील साफ करत होते. माझे हात माखलेले, म्हणून फोटो तीच सरकवायची, आणि मला बघायचं असे तिथे नेमकी थांबायची नाही. "वैनी, तिकडचं जेवण अगदी मिळमिळीत. तुमच्या सोड्यांच्या चटणीवरच दिवस काढले," ती म्हणाली. मी हसले, पण पोटात दुखलंच. माझ्या हातचे सोडे रोम बघून आले आणि मी अजून मुंबईपलीकडे गेलेले नाही. काल तिचा फोन आला, आता पॅरिसला निघालेत, सोडे हवेत. "औंदा कोलंबीच मिळाली नाय गो," मी म्हटलं आणि अंगणातले सोडे उलटायला गेले.