मामांचे दोन दरवाजे

आमच्या हिच्या मामांइतका घाबरट माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात सापडणार नाही, आणि हे मी कौतुकाने सांगतो आहे. मामा खालापूरकडच्या एका लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत सुरक्षा अधिकारी होते. आत जिवंत रोगजंतू, म्हणून एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा तिथला नियम. मामांनी तो भिसेगावच्या घरालाही लावला. बाहेरची लोखंडी जाळी आणि आतलं दार यांच्या मधल्या बोळात उभं राहायचं, आतून मामा विचारणार, "मागचं लागलं का?" आणि मगच प्रवेश. मुलीला बघायला आलेले पाहुणे त्या बोळात चपलांवर इतके दाटीवाटीने उभे होते, की पोहे येण्याआधीच घरोबा झाला. गौरी आणतानाही तेच. मामी कळवळून ओरडायच्या, "अवो, देवीला तरी सोडा!"

गेल्या वर्षी याच घाबरटपणापायी त्यांची नोकरी जायची वेळ आली. प्रयोगशाळेतल्या एका हुशार शास्त्रज्ञ बाईंना कोंबड्यांच्या तापाचा विषाणू मुद्दाम जास्त पसरेल असा करून बघायचा होता. उद्या तशी साथ आलीच, तर लस तयार असावी म्हणून. सुरक्षा समितीत सगळे राजी, मामा एकटे अडून बसले. साहेब म्हणाले, सही करा, नाहीतर घरी बसा. मामींनी समजूत घालायला मला बोलावून घेतलं.

"बाईचं खोटं नाय," मामा म्हणाले. "तिची कळकळ खरी हाय. वाघ पिंजऱ्यात ठेवायला माझी कदी ना नव्हती. पण त्याला कडी काढायला कशाला शिकवायचं? आन् दार लावणार माणूसच ना, जावईबापू? माणूस चुकतो. मीपण चुकतो."

समजूत न घालताच मी परतलो. प्रकरण वरच्या सरकारी समितीकडे गेलं. मामींचं जेवणावरचं मन उडालं.

मग एका संध्याकाळी गेलो, तर जाळी सताड उघडी, आतलं दारही उघडं, वारा थेट परसातल्या तुळशीपर्यंत. मामांचं काही बरंवाईट तर झालं नाही ना! धावत आत शिरलो, तर मामा शिरा खात बसलेले.

"परवानगी नाकारली," ते म्हणाले. "आता विषाणू दुबळा करूनच काम करायचं. बाई सोता चहाला येणार हायेत, म्हनून दारं उघडी ठेवलीत." आणि मामी पदराने डोळे पुसत हसत होत्या. मला इतकं हायसं वाटलं, की दोन वाट्या शिरा मीही खाल्ला.

आता मामा निवृत्त झालेत, दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. मी मात्र सवयीने त्या बोळात जरा थांबतो. मागचं लागलं का, असं आतून कुणी विचारत नाही, आणि उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.