दीड तासाच्या अंतरानं येणारे स्फोट

त्या मे महिन्यात मी पुण्याहून मालवणला आले, तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा कागदाचा गठ्ठा जड होता. कडेला भोकं असलेला, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, संगणकातून निघालेला लांबच लांब कागद. तळेऱ्याला गाडी बदलताना कंडक्टरनं विचारलं, "बाय, लग्नाच्यो पत्रिका काय?" मी हो म्हटलं. खरं सांगायला वेळ लागला असता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. एका परदेशी उपग्रहावरच्या दुर्बिणीनं टिपलेले आकडे आमच्याकडे टेपवर येत. आकाशात कुठेतरी गॅमा किरणांचा स्फोट होतो, काही सेकंद टिकतो आणि विझतो. कधी होईल, कुठे होईल, कुणालाच ठाऊक नसतं. ते स्फोट आकड्यांच्या ढिगातून आपोआप शोधणारा प्रोग्राम मी लिहिला होता. किरणांची मोजणी नेहमीपेक्षा एकदम वाढली की तो त्या वेळेची नोंद करायचा.

दक्षिण अटलांटिकवरून जाताना उपग्रहावर भारित कणांचा मारा होतो आणि मोजणी उगाच वाढते. म्हणून तिथले आणि त्याच्या आसपासचे आकडे मी वगळले होते. पण मग यादी रोडावली. आमच्या गटाचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "फार सोवळं पाळतेस. कर सैल." वगळायचा भाग ठरवणारी, प्रोग्राममधली एक ओळ बदलायची होती. मी ती बदलली, निमूटपणे. यादी भरघोस झाली, सर खूश झाले. तिच्यावर शोधनिबंध तयार झाला. छपाईआधी आकडे नीट तपासायचे, एवढंच काम मी घरी आणलं होतं.

आमचे बाबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अंगणात आईनं गोलमो वाळत घातला होता. त्या सुक्या जवळ्याचा उग्र वास ओटीपर्यंत येत होता, माशा घोंगावत होत्या. बाबा माझ्याबरोबर यादी घेऊन बसले. मी आकडे वाचायचे, ते पेन्सिलीनं खूण करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गो, ह्ये स्फोट कधीव होतत म्हणालंस मा?"

"हो. काही नेम नाही."

"मगे ह्या बघ. दीड तासान एक, परत दीड तासान एक. चार झाले की बंद. दुसऱ्या दिशी परत तसाच. आकाशात घड्याळ लावन कोण बसलोहा?"

उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. म्हणजे दर फेरीत तो दक्षिण अटलांटिकच्या जवळ आला की एक 'स्फोट'. मी संपूर्ण यादी पुन्हा पाहिली. निम्म्याहून जास्त स्फोट नव्हतेच. तो कणांचा मारा होता, आणि त्याला दार मीच उघडून दिलं होतं.

पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला. दोन तासांनी लागला.

"सर, यादी चुकीची आहे! अर्ध्याहून जास्त स्फोट खोटे आहेत!"

लाइन खराब, म्हणून मी ओरडत होते. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. पलीकडून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"निबंध कालच पाठवला मी."

"परत मागवा ना, सर. ते आपण शोधलेत असं लिहिलंय त्यात."

"आपण कुठे शोधले? प्रोग्रामनं शोधले. माणसाचा हात लागलेला नाही, हीच तर आपल्या कामाची खासियत. सुट्टीवर आहेस ना? आंबे खा."

फोन ठेवला तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं हळूच विचारलं, "खंय स्फोट झालो? कोण गेला काय?" मी मान हलवली आणि बाहेर पडले. घरी येऊन हात साबणानं धुतले, दोनदा.

बाबांना सगळं सांगितलं. ती बदललेली ओळही.

"तो मोठो माणूस, तेना सांगल्यान. पण टाइप कोणी केलान?"

मला रडू आलं नाही. स्वतःचीच किळस आली.

पुण्याला परतल्यावर जुनी ओळ परत घालून मी प्रोग्राम चालवला. उरलेली यादी एका पानावर मावली. ते पान सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी नजर टाकली आणि बशीत सांडलेला चहा त्याच कागदानं टिपला.

"नाव नको असेल निबंधावर, तर काढतो तुझं."

"काढा," मी म्हटलं. महिन्याभरात राजीनामा दिला आणि कणकवलीला शिकवायला लागले.

निबंध छापून आला. त्याचं कौतुकही झालं. दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटानं ती यादी खोटी ठरवली. सरांनी त्याच नियतकालिकात चार ओळींचा खुलासा दिला: एका माजी सहकाऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये दोष राहून गेला होता. सैल कर म्हणणाऱ्याचा उल्लेख त्यात नव्हता. निबंधावर माझं नाव नव्हतं, दोष मात्र माझा होता.

मी दोन्ही याद्या जोडून संपादकांना पत्र लिहिलं. ती ओळ कुणी बदलायला सांगितली ते लिहिलं, आणि कुणी बदलली तेही. उत्तर आलं, प्रकरण मिटलं आहे, आभारी आहोत. बाबांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "तू लिवलंस, पुरे." मला ते पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही.