मास्तरांनी काढलेली गल्ली

कोपऱ्यावरच्या शिंप्याला अख्खी गल्ली मास्तर म्हणायची. तीस वर्षं एकाच मशीनवर बसलेला माणूस. कुणाचं पोट सुटलं नि कुणाचं खपाटीला गेलं, हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. विद्यापीठ आणि नगरपालिका मिळून गल्लीचा नवा आराखडा करणार असं ठरलं, तेव्हा विद्यापीठाची मुलगी वही घेऊन थेट त्यांच्याच दुकानात आली.

"काका, ही गल्ली तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मास्तरांना तेवढं पुरे होतं.

तीन महिने ती रोज यायची, मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची. पाणी कुठे तुंबतं, म्हातारी माणसं कुठे टेकतात, शाळा सुटली की गर्दी कुठून वळते. मास्तर सांगायचे, ती लिहायची.

"सगळं ओतून मोकळे होऊ नका," बायको बजावायची.

"अगं, लेकीसारखी आहे!"

शेवटी तर त्यांनी टेप घेऊन गल्ली मोजली आणि कपडा बेतायच्या खाकी कागदावर उतरवली. बेतताना शिंपी आधी एक ठिपका देतो आणि तिथून सगळी मापं टाकतो. मास्तरांनी ठिपका दिला तो आपल्या दुकानावर. मग एकेक दुकान चौकोन काढून दाखवलं. ठिपक्यालाही चौकोन लागतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आपण बसलोय ती जागा कुणी काढतं का? खाली झोकात सही ठोकली. शिवाय प्रकल्प सादर करताना पोरगी नीटनेटकी दिसावी म्हणून तिचा कोट कमरेत घेऊन दिला.

आराखडा भिंतीवर लागला, तेव्हा कोपऱ्यावर एक झाड आणि दोन बाक होते. दुकान नव्हतं.

मास्तरांनी हरकत घेतली, तर सुनावणीला नगरपालिकेच्या साहेबांनी तो खाकी कागद पुढे सरकवला. "इथे मोकळी जागा आहे. सही तुमचीच ना?"

"सही माझीच, साहेब. चूकही माझीच. पण मी तिथेच बसतो. या मुलीला विचारा की." मास्तर अगदी निर्धास्त होते.

मुलगी उठली. अंगात तोच कोट. तिने शेजारी बसलेल्या आपल्या प्राध्यापकांकडे पाहिलं, मग खाली. "रहिवाशांनी काढलेल्या नकाशात कोपरा रिकामाच आहे, साहेब."

एक शब्दही खोटा नव्हता, आणि केसाने गळा कापला होता. मास्तरांना रागाआधी लाज वाटली, आपण हिला लेक म्हणालो याची.

जिन्यात ती मागून धावत आली. "काका, ऐका ना. आता आराखडा बदलावा लागला असता तर माझं वर्ष गेलं असतं. सरांनीच सांगितलं होतं..."

"ते राहू दे, पोरी," मास्तर म्हणाले. "मला एवढंच सांग. तीन महिने तू ज्या स्टुलावर बसलीस, ते कुठे होतं गं?"

मग मास्तर कठड्याला धरून एकटेच खाली उतरले.