घोडनदीचं पान

शिरूरजवळच्या एका शाळेत मी नववीला भूगोल शिकवायचे. तेव्हा लोडशेडिंगचा सुकाळ होता. आमच्याकडे सकाळी वीज असायची, केडगावच्या शाळेत दुपारी. तिथल्या सरांना मी म्हटलं, दोन्ही वर्गांची मिळून एक विकी करू. इंटरनेटवरची पानं; कुणीही उघडावीत, भर घालावी, दुसऱ्याचं दुरुस्त करावं. सकाळी आमची मुलं लिहीत, दुपारी त्यांची. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे कसले खेळ?" मी ऐकून घेतलं आणि मला हवं तेच केलं. तो माझा जुना गुण.

सुरुवातीला मुलं दुसऱ्याच्या वाक्याला हातच लावेनात. "त्याचं हाय ते, आपण कसं खोडायचं?" महिन्याभरात ही भीड पार गेली. केडगावकरांनी काही खोडलं की आमचे वीर दुसऱ्या सकाळी बाह्या सरसावून हजर! कोणी काय बदललं ते 'इतिहास' या बटणामागं नावासकट दिसायचं, त्यामुळं थापा चालत नसत.

आमच्या वर्गातल्या एका मुलीनं घोडनदीच्या पानावर लिहिलं, 'वाळू उपसल्यामुळे काठच्या विहिरी आटल्या.' खरंच होतं ते. केडगावच्या मुलांनी खाली भीमाकाठच्या विहिरी जोडल्या. पण शाळेच्या कमिटीवर एक आप्पा होते आणि त्यांचा धंदाच वाळूचा. त्यांचा निरोप आला, "उद्या येतो. कुणी लिहिलंय ते दाखवा."

मुलगी रडवेली झाली. "बाई, पुसते मी ते. आबा त्यांचाच ट्रॅक्टर चालवत्यात."

नुसतं वाक्य पुसून इतिहासातलं नाव जाणार नव्हतं. मला आप्पांचा संताप आला, आणि तिच्या घरच्या चुलीची काळजीही वाटली. विकी मी उघडलेली, त्यामुळं चाव्या माझ्याकडं होत्या. मी अख्खं पान इतिहासासकट उडवलं आणि तोच मजकूर, त्या वाक्यासह, माझ्या नावानं पुन्हा चढवला.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. मी इतिहास उघडून दाखवला.

"म्हंजी बाई, तुम्हीच व्हय?"

"मीच. चुकीचं असेल तर दुरुस्त करा ना. बसा इथं, तुमच्या नावानं खातं काढून देते."

"नाव दिसतंय का त्यात?"

"दिसतं की. सगळ्यात वर."

आप्पा टोपी सारखी करत म्हणाले, "आमाला कुठं टायपिंग येतंय," आणि निघून गेले. मला मनापासून हसू आलं. कशी जिरवली, असं म्हणत मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुढच्या सकाळी मी लॅबमध्ये गेले तर ती मुलगी आधीच कॉम्प्युटरसमोर बसलेली. माझ्या वाक्याखाली तिनं नवं वाक्य घातलं होतं. कुठल्या वळणावरची विहीर, कधी आटली, तिथून वाळू कोण नेतं, सगळं. शेजारी तिचं स्वतःचं पूर्ण नाव.

मी जवळजवळ ओरडलेच, "अगं, वेडी का काय तू? काल कशासाठी केलं मी एवढं सगळं?"

तिनं मान वर केली नाही. "मी न्हाई बाई. आबांनी सांगितलंय. म्हणले, विहीर आपली हाय, बाईंच्या नावावर कशाला?"